अर्धे वाचलेले व्हितोरिया

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासकांसाठी ज्या वाचनयाद्या काढल्या जातात, त्यांच्या आरंभीच्या चारदोन नावांत एका व्रतस्थ धर्मगुरूचे नाव बहुधा आढळते. ते नाव म्हणजे सालामांका विद्यापीठातील डोमिनिकन प्राध्यापक फ्रान्सिस्को दे व्हितोरिया. ह्यूगो ग्रोशियस यांच्याही आधी सुमारे सत्तर वर्षे एका ईशज्ञानाच्या प्राध्यापकाने राष्ट्राराष्ट्रांमधील न्यायाचा विचार मांडला, ही गोष्ट आम्हां ख्रिस्ती वाचकांना सुखावणारी आहे. म्हणूनच आमच्या प्रवचनांत, धर्मशिक्षणाच्या वर्गांत आणि क्वचित वादविवादांतही व्हितोरियांचे नाव साक्षीदारासारखे उभे केले जाते. ख्रिस्तसभा साम्राज्याच्या पाठीशी होती असे कोणी म्हटले, की त्याला उत्तर म्हणून व्हितोरिया पुढे येतात.

हा साक्षीदार खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्याची साक्ष आपण अर्धीच ऐकून घेतो आणि वाचनयाद्याही आपल्याला तसेच करावयास शिकवतात, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात या याद्यांतील काही ग्रंथांचे गुणदोष पाहून, सेमिनरीच्या ग्रंथालयात या विषयाचे कोणते ग्रंथ असावेत आणि ते कोणत्या क्रमाने वाचावेत, याचा विचार करण्याचे योजिले आहे.

प्रथम हा ग्रंथ आपल्या हाती कसा आला ते पाहू. व्हितोरियांनी आपल्या हयातीत या विषयावर एकही पुस्तक छापले नाही. इ. स. १५३९ च्या जानेवारीत त्यांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांविषयी आणि त्याच वर्षाच्या जूनमध्ये युद्धाच्या कायद्याविषयी अशी दोन विशेष व्याख्याने विद्यापीठात दिली. १५४६ साली ते निवर्तले. पुढे अकरा वर्षांनी, १५५७ मध्ये, फ्रान्समधील ल्यों या नगरीत त्यांची व्याख्याने हस्तलिखित प्रतींवरून प्रथम छापली गेली. म्हणजे ज्या ग्रंथाला आपण 'व्हितोरियांचा ग्रंथ' म्हणतो, त्याची छापील संहिता त्यांच्या नजरेखालून गेलेलीच नाही.

इंग्रजी जाणणाऱ्या वाचकांसमोर हा ग्रंथ आला तो मुख्यतः १९१७ साली. अमेरिकेतील कार्नेगी निधीच्या आश्रयाने 'क्लासिक्स ऑफ इंटरनॅशनल लॉ' ही प्रसिद्ध माला १९११ पासून १९५० पर्यंत चालली. तिचे प्रमुख संपादक जेम्स ब्राऊन स्कॉट हे एके काळी अमेरिकन परराष्ट्र खात्याचे विधिसल्लागार होते. या मालेने आयाला, जेंटिली, सुआरेझ, ग्रोशियस, पुफेनडॉर्फ, वाटेल अशा लेखकांचे दुर्मीळ ग्रंथ मूळ संहिता व भाषांतर यांसह उपलब्ध करून दिले. हे कार्य मोठे होते, यात शंका नाही. व्हितोरियांच्या खंडाचे संपादन एर्नेस्ट निस यांनी केले आणि भाषांतर जॉन पॉली बेट यांनी. पुढे १९३४ मध्ये स्कॉट यांनी आपल्या स्वतंत्र ग्रंथात आंतरराष्ट्रीय कायद्याचा उगम स्पेनमध्ये व व्हितोरियांपाशी आहे, असा सिद्धान्त मांडला. 'जनक' ही पदवी पाठ्यपुस्तकांतून रूढ होण्यास हा सिद्धान्त बराचसा कारणीभूत आहे.

या पदवीने एक नुकसानही केले. ज्याला जनक ठरविले त्याचे सोयीचे तेवढे विचार वेचले जातात. व्हितोरियांच्या बाबतीत तसेच झाले. अमेरिकेतील रहिवाशांविषयीच्या व्याख्यानाचा जो भाग पाठ्यपुस्तकांतून सांगितला जातो तो असा: त्या लोकांची भूमी ही खरोखर त्यांची आहे, ते बुद्धियुक्त मानव आहेत, ते ख्रिस्ती नाहीत म्हणून त्यांची मालमत्ता व राज्ये कोणास हिरावून घेता येत नाहीत. सम्राट हा सर्व जगाचा स्वामी नाही. पोप हेही ऐहिक बाबतीत सर्व जगाचे स्वामी नाहीत. म्हणून जे त्यांचे नव्हतेच ते त्यांना दुसऱ्यास देता येत नाही. नवा प्रदेश प्रथम पाहिला एवढ्याने तो आपला होत नाही, कारण तो मालकावाचून पडलेला नव्हता. सुवार्ता ऐकून त्या लोकांनी ती नाकारली, तरी तेवढ्यावरून त्यांच्यावर युद्ध लादता येत नाही. १४९३ साली पोप सहावे अलेक्झांडर यांनी काढलेल्या आज्ञापत्राला जेमतेम पंचेचाळीस वर्षे लोटली असताना, स्पेनच्याच विद्यापीठात, स्पेनच्याच सम्राटाच्या प्रजाजनांसमोर हे बोलले गेले. त्याचे मोल कोणीही कमी लेखू नये.

पण व्याख्यान तेथे संपत नाही. सत्तेचे सात अग्राह्य आधार खोडून काढल्यावर व्हितोरिया ग्राह्य आधारांकडे वळतात आणि तेही सातच सांगतात. आठवा ते केवळ विचारार्थ, निर्णय न देता ठेवतात. या ग्राह्य आधारांतील पहिला आहे तो मानवांच्या नैसर्गिक सहवासाचा व दळणवळणाचा. कोणासही अपाय न करता परक्या देशात जावे, राहावे, व्यापार करावा, हा सर्व माणसांचा हक्क आहे. तो स्पॅनिश लोकांना नाकारला तर तो अन्याय आहे. आणि समजूत घालूनही तो अन्याय चालू राहिला तर अखेरीस त्याचे निवारण शस्त्राने करता येते, अशी ही साखळी आहे. दुसरा आधार सुवार्तेच्या प्रसाराला होणाऱ्या अडथळ्याचा, तिसरा नवख्रिस्ती लोकांच्या संरक्षणाचा, पाचवा निरपराध्यांना जुलमापासून व नरबळीपासून वाचविण्याचा. आठवा, ज्याविषयी ते स्वतःच साशंक आहेत तो, त्या लोकांच्या कथित अपात्रतेचा.

पहिल्या आधाराच्या समर्थनार्थ व्हितोरिया शास्त्रवचने देतात. त्यांत मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायाच्या दिवसाचा उल्लेख आहे. मी परका होतो आणि तुम्ही मला आश्रय दिला नाही, या आशयाचे प्रभूचे शब्द आमच्या वाचकांना तोंडपाठ आहेत. धर्मगुरू ते वचन उपाशी, तुरुंगात पडलेल्या, निर्वासित माणसासाठी उच्चारतात. सालामांकाच्या व्याख्यानात मात्र तो 'परका' म्हणजे गलबतातून तोफांसह उतरलेला पाहुणा आहे, आणि दोष ठेवला जातो तो त्याच्यापुढे दार लावून घेणाऱ्या घरमालकावर. व्हितोरिया क्रूर नव्हते. स्थानिक लोकांना या अपरिचित, शस्त्रधारी परकीयांची भीती वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून आधी सौजन्याने समजूत घालावी आणि प्रतिकार करावाच लागला तर तो स्वसंरक्षणापुरता असावा, असेही ते बजावतात. तरीसुद्धा दारापाशी उभ्या असलेल्या सशस्त्र पाहुण्याला ते वचन लागू करताना, घरमालकाची बाजू त्या सभागृहात मांडणारा कोणी नव्हता, हे नाकारता येत नाही. शास्त्राचा अर्थ लावणाऱ्या प्रत्येकाने हे स्थळ एकदा तरी स्वतः वाचावे, असे आम्हांस आग्रहाने सांगावेसे वाटते.

व्याख्यानाच्या शेवटाकडे आणखी एक लहानसे वाक्य येते. हे सर्व आधार निष्फळ ठरले तरी व्यापार थांबविण्याचे कारण नाही. पोर्तुगीजांकडे पाहा, ते अशाच प्रकारच्या लोकांशी, त्यांना जिंकून न घेता, मोठा व किफायतशीर व्यापार करीत आहेत, असा त्याचा आशय आहे. व्हितोरिया येथे कोणत्याही देशाचे नाव घेत नाहीत. परंतु १५३९ साली गोवा जिंकला गेल्यास एकोणतीस वर्षे होऊन गेली होती. गोव्यातील वाचकास हे वाक्य वाचताना जे वाटेल ते माद्रिद किंवा वॉशिंग्टन येथील वाचकास वाटणार नाही.

यावर कोणी असा निष्कर्ष काढील, की व्हितोरिया हे साम्राज्याचेच वकील होते. आमच्या मते तोही अर्ध्याच वाचनाचा निष्कर्ष होईल. १५३४ साली आपले बंधुव्रतस्थ मिगेल दे आर्कोस यांना लिहिलेल्या पत्रात पेरूमधील घटनांविषयी त्यांनी जो उद्वेग व्यक्त केला आहे तो खाजगी असला तरी निःसंदिग्ध आहे. व्याख्यान झाल्यावर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सम्राट पाचवे चार्ल्स यांनी सालामांकाच्या सान एस्तेबान मठाच्या प्रमुखांना पत्र लिहून, या विषयावर परवानगीवाचून व्याख्याने देऊ नयेत व लिखाण जमा करावे, अशी ताकीद दिली. ज्याच्या बोलण्याने सत्ताधीश अस्वस्थ होतो, त्याला त्या सत्तेचा भाट म्हणता येत नाही. खरी गोष्ट अशी, की एकाच माणसाने एकाच व्याख्यानात एक दार बंद केले आणि दुसरे किलकिले ठेवले. या दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवणे हेच वाचकाचे काम आहे.

त्या किलकिल्या दारातून पुढे कोण आत शिरले हे पाहण्यासाठी ग्रोशियस वाचावे लागतात. १६०३ साली डच दर्यावर्दी याकोब व्हान हेम्सकर्क यांनी 'सांता कातारिना' हे पोर्तुगीज जहाज पकडले. त्या लुटीच्या समर्थनार्थ डच ईस्ट इंडिया कंपनीसाठी तरुण ग्रोशियस यांनी एक मोठा प्रबंध लिहिला. त्यातील बारावे प्रकरण १६०९ मध्ये 'मारे लिबेरुम', म्हणजे 'मुक्त समुद्र', या नावाने निनावी प्रसिद्ध झाले. संपूर्ण प्रबंध हस्तलिखितातच राहून गेला आणि १८६८ साली प्रथम छापला गेला. पोपच्या दानपत्राने पोर्तुगीजांस पूर्वेकडील देशांचे स्वामित्व मिळत नाही, हे सांगताना हा प्रॉटेस्टंट कायदेपंडित आधार घेतो तो डोमिनिकन व्हितोरियांचा. आणि व्यापाराला अडविणाऱ्यावर युद्ध न्याय्य आहे हे सांगतानाही व्हितोरियाच त्याच्या उपयोगी पडतात. एका कंपनीच्या वकिलाने केलेला युक्तिवाद पुढे सर्व जगाचा तत्त्वग्रंथ म्हणून वाचला गेला.

त्यास उत्तर दिले ते सेराफिम दे फ्रेइतास या पोर्तुगीज व्रतस्थाने. ते मर्सेडेरियन संघाचे असून वायादोलिद येथे ख्रिस्तसभेच्या कायद्याचे प्राध्यापक होते. त्यांचा ग्रंथ १६२५ साली निघाला. पोर्तुगालच्या सत्तेचे व पोपच्या आज्ञापत्रांचे समर्थन करणे हा त्यांचा हेतू उघड आहे, आणि तो आज आपल्याला पटण्यासारखा नाही. पण गंमत अशी, की आपल्या देशात परकीय व्यापाऱ्यांना मज्जाव करण्याचा अधिकार राजांना असतो, ही गोष्ट मांडतात ती फ्रेइतास. 'मुक्त समुद्रा'चे पुरस्कर्ते ग्रोशियस नव्हेत. मलबारच्या किंवा जावाच्या राजाला त्या घटकेस कोणते तत्त्व अधिक उपयोगी पडले असते, याचा वाचकांनीच विचार करावा. कार्नेगी मालेत ग्रोशियस यांना अनेक खंड मिळाले. फ्रेइतास यांना एकही मिळाला नाही. कोणते ग्रंथ पुन्हा छापावयाचे हे ठरविताना कोणाचा आवाज पुढील पिढीला ऐकू यावा हेही ठरत असते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

अलीकडच्या ग्रंथांपैकी दोनांचा विचार येथे अवश्य केला पाहिजे. पहिला चार्ल्स हेन्री अलेक्झांड्रोविच यांचा. हे मूळचे पोलिश विद्वान मद्रास विद्यापीठात आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक होते. ईस्ट इंडीजमधील राष्ट्रांच्या कायद्याचा सोळाव्या ते अठराव्या शतकांतील इतिहास सांगणारा त्यांचा ग्रंथ १९६७ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला, आणि त्यांचे विखुरलेले निबंध २०१७ मध्ये एकत्रित निघाले. युरोपीय सत्तांनी आशियातील राजांशी शेकडो तह केले, ते त्यांना सार्वभौम मानूनच केले. पुढे एकोणिसाव्या शतकातील कायदेपंडितांनी राष्ट्रकुटुंबाची व्याख्या आकुंचित करून त्यांना बाहेर काढले, हा त्यांचा मुख्य सिद्धान्त आहे. भारतीय वाचकास तो उपकारक वाटेल. परंतु तहाच्या कागदावर दिसणारी समानता आणि बंदरातील तोफांपुढची समानता या दोहोंतील अंतर त्यांच्या लेखनात पुरेसे उमटत नाही, असे आमचे मत आहे.

दुसरा ग्रंथ मूळचे श्रीलंकेचे अँटनी अँघी यांचा, २००५ साली केंब्रिजने काढलेला. आंतरराष्ट्रीय कायदा आधी युरोपात सिद्ध झाला आणि नंतर वसाहतींना लावला गेला असे नसून, वसाहतींशी गाठ पडतानाच तो घडला, हा त्यांचा प्रतिपाद्य विषय. व्हितोरियांनी मूळ रहिवाशांना सर्व मानवांच्या कायद्याखाली आणले, आणि त्यामुळेच तो कायदा मोडल्याचा दोष त्यांच्यावर ठेवता आला, हे त्यांचे विवेचन मर्मभेदी आहे. व्हितोरियांचा गौरव करणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती लेखकाने त्यास उत्तर देणे प्राप्त आहे. तथापि त्यांनीही आधारास घेतली आहे ती १९१७ चीच आवृत्ती, जीत दोनच व्याख्याने आहेत. ख्रिस्तसभेच्या सत्तेविषयीचे व्याख्यान, १५३४ चे पत्र, राजाची ताकीद यांना त्यांच्या विवेचनात मिळावे तेवढे वजन मिळत नाही. स्तुती करणारे व टीका करणारे दोघेही एकाच आवृत्तीच्या चौकटीत उभे आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९९१ साली अँथनी पॅगडेन व जेरेमी लॉरन्स यांनी केंब्रिजसाठी सिद्ध केलेल्या संग्रहात ही व्याख्याने अधिक विस्ताराने, पत्रांसह आली आहेत. त्यात मूळ लॅटिन नाही एवढी उणीव सोडल्यास सेमिनरीच्या ग्रंथालयास तोच संग्रह योग्य ठरावा.

आता जो शेवटचा मजकूर आम्ही सुचविणार आहोत तो कोणत्याही ईशज्ञानाच्या यादीत सापडणार नाही. पण मराठी वाचकाचा त्याच्यावर विशेष हक्क आहे. तो म्हणजे भारतीय प्रदेशातून जाण्याच्या हक्कासंबंधी पोर्तुगालने भारताविरुद्ध चालविलेल्या दाव्यात हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी दिलेला निवाडा. दमणहून दादरा व नगर हवेलीकडे जाण्याच्या वाटेचा तो वाद होता. कायद्याची पाठ्यपुस्तके या निवाड्याचा उल्लेख करतात तो बहुतेक एकाच मुद्द्यासाठी: दोनच राष्ट्रांमध्येही रूढी कायदेशीर ठरू शकते. मूळ निवाडा वाचणाऱ्यास त्यात आणखी बरेच काही मिळते.

पोर्तुगालने आपल्या हक्काचा आधार म्हणून १७७९ चा पुण्याचा तह आणि १७८३ व १७८५ च्या मराठी सनदा पुढे केल्या होत्या. तहाने बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांस मिळाली होती. प्रश्न असा होता, की पेशव्यांनी दिले ते काय? गावांचे सार्वभौमत्व की गावांचा महसूल? न्यायालयाने तहाचे निरनिराळे पाठ तपासले. सार्वभौमत्व देण्याचा हेतू त्यांतून सिद्ध होत नाही, आणि सनदांतील शब्दांवरून दिलेली वस्तू म्हणजे केवळ जहागीर किंवा सरंजाम होती, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढे ब्रिटिश अमलात पोर्तुगालचे तेथील सार्वभौमत्व व्यवहारात मान्य झाले, हेही न्यायालयाने नमूद केले. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांच्या येजा करण्याचा हक्क अकरा विरुद्ध चार मतांनी मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे यांच्यासाठी तो आठ विरुद्ध सात मतांनी नाकारला गेला. आणि भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले. भारताच्या वतीने नेमलेले न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला.

'सरंजाम' हा शब्द ज्याच्या घरात, गावात, दप्तरात वावरला आहे, त्याला त्याचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. देणाऱ्याच्या भाषेतील एका शब्दाने घेणाऱ्याचा मोठा दावा खाली आणला. व्हितोरिया पोपच्या दानपत्रांविषयी जो प्रश्न विचारीत होते तोच येथे निराळ्या रूपाने पुढे आला: देणाऱ्यापाशी काय होते, आणि त्याने खरोखर काय दिले? सालामांकाच्या सभागृहात घरमालकाचा शब्द ऐकू आला नव्हता. हेगच्या न्यायालयात तो, कागदावर का होईना, वाचला गेला. आमच्या मते या दोन मजकुरांना शेजारी ठेवून वाचणे हाच या विषयाचा खरा पाठ आहे.

ख्रिस्तसभेनेही आपल्या बाजूने एक पाऊल टाकले आहे. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनच्या दोन विभागांनी संयुक्त निवेदन काढून, शोधाच्या जोरावर भूमीवर हक्क सांगणारा तथाकथित सिद्धान्त कॅथलिक ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचा भाग नाही, असे स्पष्ट केले. १४५२, १४५५ व १४९३ च्या आज्ञापत्रांनी मूळ रहिवाशांची समान प्रतिष्ठा व हक्क यांचे योग्य प्रतिबिंब दाखविले नाही, हेही त्यात मान्य केले आहे. १४५५ चे आज्ञापत्र पोर्तुगालच्या राजाला उद्देशून होते. गोव्याच्या पाद्रोआदोच्या इतिहासाची मुळे त्यात आहेत. म्हणजे हे निवेदन दूरच्या खंडापुरते नाही, आमच्या धर्मप्रांतांच्या उंबरठ्यापर्यंत ते येते.

तेव्हा आमची शिफारस अशी. प्रथम व्हितोरियांचे १५३९ चे पहिले व्याख्यान अथपासून इतिपर्यंत वाचावे. १९९१ चा संग्रह नसेल तर १९१७ चा जुना खंड आज संगणकावर विनामूल्य मिळतो. त्यानंतर 'मारे लिबेरुम'. मग अलेक्झांड्रोविच व अँघी, आणि ते शक्यतो एकापाठोपाठ, म्हणजे एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघेल. शेवटी हेगचा निवाडा व २०२३ चे निवेदन. ही दोन्हीही मोफत उपलब्ध आहेत. धर्मशिक्षकांना इतके वाचणे शक्य नसेल, तर ज्या धर्मगुरूने ते वाचले आहे त्याने दोनतीन बैठकांत त्यांना त्याचा सारांश सांगावा, पण दोन्ही अर्धे सांगावेत.

तुमचा धर्म तोफांबरोबर आला, असे कोणी एखाद्या धर्मशिक्षकाला भर सभेत म्हणते, तेव्हा त्याच्या हातात काय असावे? केवळ व्हितोरियांचे नाव दिले तर ते त्याला फार काळ पुरणार नाही. समोरच्याने दुसरा अर्धा भाग वाचलेला असेल तर त्याच नावाने त्याची फजिती होईल. पूर्ण व्हितोरिया वाचलेला धर्मशिक्षक मात्र असे म्हणू शकेल, की आमच्याच घरातील एका माणसाने राजाला न आवडणारे सत्य सांगितले, त्याच माणसाने एका ठिकाणी बलवानाला वाट करून दिली, आणि या दोन्ही गोष्टी आम्हांला ठाऊक आहेत. असे उत्तर ऐकणाऱ्याचा राग एकदम शमेल असे नाही. पण त्याच्याशी पुढे बोलता येईल, आणि सुवार्तेच्या सेवकाला त्याहून अधिक काही मागण्याचा अधिकारही नाही.